खिळे जुळवणाऱ्याची जीवनकथा : ध्वनिमुद्रण आणि संपादनाच्या नोंदी

9 जानेवारी

प्रकल्पाचे स्वरूप आज नक्की झाले. एका निवृत्त कंपोझिटरची, म्हणजे ज्यांनी कामाचे सगळे आयुष्य हाताने शिशाचे खिळे, छपाईची सुटी अक्षरे, जुळवण्यात घालवले अशा गृहस्थांची, जीवनकथा मुलाखतींतून ध्वनिमुद्रित करायची, तिचे अक्षरशः शब्दांकन करायचे आणि त्या शब्दांकनातून प्रथमपुरुषी आत्मकथन तयार करायचे. घरची मंडळी त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते; ते मला ताई म्हणतात. कामाचा एक नियम आरंभीच लिहून ठेवते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे राहणार आहेत : संपादित मजकुरातले कोणतेही वाक्य घेतले तरी ते मूळ ध्वनिमुद्रणात कुठे आहे हे मिनिट-सेकंदासह दाखवता आले पाहिजे. जे वाक्य असे दाखवता येणार नाही ते माझे असेल, नानांचे नाही, आणि त्याला त्यांच्या आत्मकथनात जागा नाही.

पहिली भेट मुद्दाम ध्वनिमुद्रणाविना ठेवली. तिच्यात फक्त संमतिपत्रावर बोललो. ध्वनिमुद्रण कुठे राहील, ते कोण ऐकू शकेल, मजकूर छापण्याआधी त्यांच्याकडे कसा येईल, एखादा भाग मागे घ्यायचा झाल्यास काय करायचे, त्यांच्या पश्चात निर्णय कोण घेईल, हे सगळे त्यात आहे. मसुदा करताना अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजचा बेलफास्टविषयीचा मुलाखत-प्रकल्प सतत डोळ्यांपुढे होता. उत्तर आयर्लंडच्या संघर्षात सशस्त्र गटांत असलेल्या माणसांच्या मुलाखती त्यात 2001 पासून घेण्यात आल्या, आणि तुम्ही हयात असेपर्यंत त्या कुणाला मिळणार नाहीत असे बोलणाऱ्यांना सांगण्यात आले होते. 2011 मध्ये ब्रिटिश तपासयंत्रणेच्या मागणीवरून अमेरिकेत त्या मुलाखतींसाठी समन्स निघाले आणि न्यायालयीन लढाईनंतर त्यांतल्या काही स्वाधीन कराव्या लागल्या. नानांच्या आयुष्यात असे स्फोटक काही नसेलही. तरीही जे पाळणे माझ्या हातात नाही त्याचे वचन मी देणार नाही. म्हणून ‘पूर्ण गुप्तता’ हे शब्द मसुद्यातून काढले आणि त्यांच्या जागी ‘हा भाग माझ्याकडून कुणालाही दिला जाणार नाही, मात्र कायद्याने मागणी झाल्यास ती नाकारता येईलच असे नाही’ असे स्पष्ट वाक्य घातले.

नानांनी मसुदा दोनदा वाचला, एका ओळीत सुटलेला अनुस्वार पेन्सिलने घातला आणि विचारले, “हे वाचणार कोण?” मी म्हटले, आधी तुम्ही, मग तुमच्या घरचे, आणि तुमची इच्छा असेल तर बाकीचे. ते म्हणाले, “मग चालेल. पण मी वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.” ही अट संमतिपत्रात आधीच होती, त्यांच्या शब्दांत ती पुन्हा लिहून घेतली.

13 जानेवारी

यंत्रसामग्रीची चाचणी घेतली. ध्वनिमुद्रण संकुचित न केलेल्या वेव्ह स्वरूपात, 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट या मापाने करायचे ठरले. दोन वाहिन्यांचे असे ध्वनिमुद्रण तासाला सुमारे 1 गिगाबाइट जागा घेते, त्यामुळे जागेची सबब आज राहिलेली नाही. एमपी3 प्रत केवळ शब्दांकन करताना ऐकण्यासाठी बनवायची. संकुचित करताना आवाजातला जो भाग गळतो तो नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाही, म्हणून मूळ प्रत त्या स्वरूपात ठेवणे योग्य नाही.

नाना हळू बोलतात आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली नेतात. कॉलरला लावायचा मायक्रोफोन छातीशी, हनुवटीपासून वीतभर अंतरावर लावल्यावर तो शेवट स्वच्छ आला. पातळी अशी ठेवली की मोठ्यात मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील (शून्य ही यंत्राची कमाल मर्यादा). अचानक हसू आले किंवा टेबलावर हात पडला तरी आवाज फाटणार नाही. पंखा बंद, दार बंद, घड्याळ दुसऱ्या खोलीत. आपण बोलत असताना कानाला न जाणवणारी पंख्याची घरघर हेडफोन लावला की प्रत्येक शब्दाखाली ऐकू येते. दुसरा एक छोटा रेकॉर्डर वेगळ्या बॅटरीवर समांतर चालू राहील.

16 जानेवारी

प्रश्नांचा आराखडा केला, पण प्रश्नावली केली नाही. विषयांची एक यादी माझ्यापुढे असेल : बालपण, छापखान्यात प्रवेश, शिकवणारी माणसे, कामाचा दिवस, लग्न, संसार, ऑफसेट छपाईचे आगमन, छापखाना बंद होणे, त्यानंतरची वर्षे. तिच्यातून प्रश्न आयत्या वेळी निघावेत. प्रश्नात उत्तर दडलेले नसावे याची मात्र फार काळजी घ्यावी लागते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली होती. गाड्या एकमेकींवर ‘आदळून चक्काचूर झाल्या’ तेव्हा वेग किती होता, असे काहींना विचारले; नुसत्या ‘धडकल्या’ तेव्हा किती होता, असे इतरांना. आठवड्याने फुटलेली काच दिसली का असे विचारल्यावर पहिल्या गटातल्या 50 पैकी 16 जणांनी होय म्हटले, दुसऱ्या गटातल्या 50 पैकी 7 जणांनी. चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच. आठवडाभरापूर्वीच्या चित्रफितीबाबत हे घडत असेल, तर अर्ध्या शतकापूर्वीच्या प्रसंगाविषयी ‘तेव्हा तुम्हाला फार वाईट वाटले असेल ना?’ असे विचारणे म्हणजे वाईट वाटणे आपल्या हाताने त्यात घालणे आहे. ‘त्या दिवशी काय झालं ते सांगा’ एवढे पुरते.

साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात इतर काळापेक्षा अधिक संख्येने वर येतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांना अनेकदा आढळले आहे. नानांच्या बाबतीत ही वर्षे काम शिकण्याची, म्हणून ती आपोआप येतील. मधल्या वयासाठी मात्र आधार लागेल : जुने फोटो, पगाराची पाकिटे, त्यांनी जुळवलेली आणि घरी जपून ठेवलेली पुस्तके.

19 जानेवारी

पहिले सत्र. आरंभी तारीख, स्थळ, दोघांची नावे आणि सत्राचा क्रमांक मोठ्याने बोलून घेतले, कारण फाइलचे नाव पुसले गेले तरी आवाजातली ही ओळख फाइलच्या आत राहते. सत्र दीड तासाचे ठेवले. त्यापुढे बोलणाऱ्याचा घसा आणि ऐकणाऱ्याचे लक्ष दोन्ही थकतात, आणि थकलेला माणूस उत्तरे आटोपती घेतो.

बालपणाचा भाग त्यांनी लवकर उरकला. छापखाना आला आणि त्यांच्या बोलण्याची गती बदलली. देवनागरी जुळवायची तर काने, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे धरून कित्येक शे खिळे लागतात. केसमधल्या, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या ट्रेमधल्या, लहान लहान घरांत कोणता खिळा कुठे आहे हे पाठ असावे लागते, कारण शोधत बसणाऱ्याच्या हातून दिवसाचे काम होत नाही. प्रत्येक खिळ्यावर अक्षर उलटे कोरलेले असते, त्यामुळे स्टिकमध्ये, म्हणजे हातात धरून ओळ जुळवायच्या पट्टीत, भरलेली ओळ वाचायची सवय डोळ्याला वेगळी करावी लागते. छापून झाले की तेच खिळे पुन्हा आपापल्या घरात परत टाकायचे. खिळा चुकीच्या घरात पडला तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या ओळीत चूक निघते आणि ती कुणामुळे झाली हे सगळ्यांना कळते. हे सांगताना नानांचा उजवा हात हवेत चालत होता, डावा हात स्टिक धरल्यासारखा वाकला होता. ध्वनिमुद्रणात हात येत नाहीत. “केवढी होती स्टिक?” असे मी विचारले, त्यांनी हाताने दाखवली, तेव्हा “म्हणजे मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत?” असे मोठ्याने म्हणून घेतले आणि त्यांनी होकार दिला. असे प्रश्न ऐकताना बावळट वाटतील, पण पुढे फक्त आवाज ऐकणाऱ्याला त्या मापाचा दुसरा मार्ग नाही.

एके ठिकाणी ते थांबले. काम शिकवणाऱ्या उस्तादांविषयी बोलत होते. ती शांतता मी भरली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःहून सांगितले की उस्तादांना लिहिता येत नव्हते, अक्षरे मात्र खिळ्यावरून सगळी ओळखता येत. मी मध्ये पुढचा प्रश्न टाकला असता तर हे आले नसते, असे मला खात्रीने वाटते.

27 जानेवारी

आजच्या सत्रात त्यांची मुलगी अर्धा वेळ खोलीत होती. तिच्यासमोर नानांनी छापखाना सुटल्यानंतरची वर्षे “काही विशेष नाही, गेली” म्हणून संपवली. ती बाहेर गेल्यावर त्याच वर्षांविषयी ते पाऊण तास बोलले. घरच्या माणसांच्या उपस्थितीने कथा खोटी होत नाही. ती वेगळ्या माणसाला सांगितली जाते, एवढेच. दोन्ही उत्तरे ठेवली आहेत आणि कोणत्या वेळी खोलीत कोण होते हे शब्दांकनाच्या समासात लिहिले आहे. पुढची सत्रे आम्ही दोघेच असताना घ्यावीत असे नानांनी स्वतः सुचवले.

3 फेब्रुवारी

शब्दांकन सुरू आहे. सहज बोलणाऱ्या माणसाच्या एका तासात सात ते नऊ हजार शब्द निघतात, आणि तो तास नीट लिहून, पुन्हा ऐकून तपासायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. पहिला खर्डा यंत्राकडून करून घेतला. त्याने वेग येतो हे खरे, परंतु यंत्राला सुबक वाक्य आवडते. नाना अडखळतात तिथे ते अडखळणे गाळते, दुहेरी शब्द एकेरी करते, आणि दीर्घ शांततेच्या जागी कधी कधी कुणीही न बोललेले वाक्य घालते. छापखान्याचे शब्द तर त्याला ओळखूच येत नाहीत. म्हणून यंत्राचा खर्डा हा केवळ टंकनाचे श्रम वाचवणारा कच्चा माल मानायचा आणि प्रत्येक ओळ कानाने पुन्हा लिहायची.

या क्षेत्राचा इतिहास इथे उपयोगी पडतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी 1948 मध्ये मौखिक इतिहासाचे पद्धतशीर काम सुरू केले. आरंभीच्या मुलाखती हाताने टिपून घेतल्या जात. पुढे ध्वनिमुद्रण आले तेव्हाही तिथे टंकलिखित मजकूर हाच खरा दस्तऐवज समजला गेला, तो बोलणाऱ्याकडून तपासून घेतला की फिती पुसून पुन्हा वापरल्या जात. फिती तेव्हा महाग होत्या, त्यामुळे त्या निर्णयामागचे कारण समजते. पण त्या माणसांनी कोणते वाक्य हसत म्हटले आणि कोणते दात आवळून, हे आता कुणालाच कळणार नाही. आमच्या कामात आवाज हाच मूळ दस्तऐवज राहील आणि शब्दांकन ही त्याच्याकडे जाण्याची वाट.

चिन्हे ठरवली. चौकटी कंसात हसणे, खोकला, हाताची खूण. तीन टिंबे म्हणजे लहान थांबा, आणि तीन सेकंदांहून लांब थांबा असेल तर सेकंदांचा आकडा. बोलण्यातले ‘केलं, झालं, गेलं’ जसेच्या तसे, त्यांची ‘केले, झाले, गेले’ अशी लेखी रूपे करायची नाहीत. ऐकू न आलेला शब्द अंदाजाने भरायचा नाही. वेळ लिहून जागा रिकामी ठेवायची आणि नानांना ऐकवायचा.

12 फेब्रुवारी

एक तारीख जुळत नाही. नानांच्या सांगण्यात छापखाना बंद झाला तो त्यांचे वडील गेले त्याच पावसाळ्यात. एक महिना सुतक आणि दुसऱ्या महिन्यात खिळे भंगारात, असे ते दोन वेगवेगळ्या सत्रांत जवळजवळ त्याच शब्दांत म्हणाले. पण त्यांनीच जपून ठेवलेल्या एका पुस्तिकेवर त्याच छापखान्याचे नाव आणि छपाईचे जे वर्ष आहे ते वडिलांच्या निधनानंतर तीन वर्षांचे. पुस्तिका त्यांच्याच हातची आहे.

अलेस्सांद्रो पोर्तेली या इटालियन अभ्यासकाने टेर्नी या पोलादनगरीत कामगारांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा त्यांना असेच काही आढळले होते. लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार 17 मार्च 1949 रोजी, इटलीने नाटो करारात सामील होण्याविरुद्धच्या निदर्शनाच्या वेळी, पोलिसांशी झालेल्या संघर्षात मारला गेला. अनेक कामगारांच्या आठवणीत मात्र तो 1953 मध्ये, पोलाद कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीविरुद्धच्या झगड्यात मेला. पोर्तेली यांनी ही चूक फेकून दिली नाही. त्यांच्या मते त्या चुकीतूनच कळत होते की त्या मृत्यूला लोकांनी आपल्या आयुष्यात कोणती जागा दिली आणि इतक्या मोठ्या हानीशेजारी त्याला ठेवण्याची गरज त्यांना का वाटली.

नानांना पुस्तिका दाखवली. पकडल्याच्या सुरात नव्हे; त्यांना कागद आधी कळावा आणि माझ्याकडून कळावा म्हणून. त्यांनी छपाईची ओळ चष्मा काढून जवळून वाचली. “वर्ष मीच जुळवलंय, म्हणजे बरोबर असणार,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “पण मला ते एकच वाटतं. दोन्ही वेळेला घरी आलो आणि बसायला जागा कुठे तेच कळेना.” हे शेवटचे वाक्य आत्मकथनात जाईल. त्यांचे मूळ कथनही तसेच राहील, आणि तळटीपेत पुस्तिकेचे वर्ष आणि आमचे हे संभाषण. मजकुरातली तारीख दुरुस्त करून टाकणे सोपे होते, पण मग त्यांच्या आयुष्यातल्या या दोन घटना एकमेकींपासून सुटल्या असत्या, आणि त्या एकत्र धरणे हेच तर ते सांगत होते.

20 फेब्रुवारी

संपादनाला सुरुवात. अक्षरशः शब्दांकन छापले तर वाचक दुसऱ्या पानावर थकतो. बोलणे कानासाठी असते, डोळ्यासाठी नाही. दुसऱ्या टोकाला, सगळे घासूनपुसून घेतले तर नानांच्या तोंडी माझा आवाज येतो. मधली रेघ कुठे ओढायची हे तत्त्व म्हणून ठरवण्यापेक्षा एका उताऱ्यावर ठरवले. मूळ असे :

“मालक आले. म्हणजे रोजच यायचे, पण त्या दिवशी... आले आणि म्हणाले, आता हे... हे सगळं वजनावर जायचंय. वजनावर. मी म्हटलं, बरं. काय म्हणणार? खिळे काय माझे होते का? माझे... [4 सेकंद] माझे नव्हतेच ते. पण हाताला माहीत होते ना. तर ती माणसं पोती घेऊन आली, आणि भरायला लागली. भरायला लागली तसं मी म्हटलं, थांबा, निदान केस रिकामी करताना मला करू द्या.”

पहिला हात फिरवल्यावर तो असा झाला :

“मालक रोजच यायचे. त्या दिवशी आले आणि म्हणाले, हे सगळं आता वजनावर जायचंय. मी म्हटलं, बरं. खिळे माझे नव्हतेच, पण ते हाताला माहीत होते. माणसं पोती घेऊन आली आणि भरायला लागली. मी म्हटलं, थांबा, निदान केस रिकामी करताना मला करू द्या.”

वाचायला हा चांगला आहे, माहिती एकही गळलेली नाही, आणि तरी तो स्वीकारता येत नाही. ‘वजनावर’ हा शब्द नाना दुसऱ्यांदा म्हणतात तो अडखळून नाही. मालकाचा शब्द ते स्वतःच्या तोंडाने एकदा म्हणून पाहतात. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूला भंगारात काय मोल येते हे त्यांना माहीत होते, आणि त्याच खिळ्यांनी किती पाने उभी राहिली हेही. ‘काय म्हणणार?’ हा प्रश्न गेल्यावर ‘बरं’ हा होकार ठरतो. तो होकार नव्हता. आणि ‘खिळे काय माझे होते का’ ते ‘माझे नव्हतेच’ यांच्यामध्ये चार सेकंद आहेत, ते सगळ्या उताऱ्याचे केंद्र आहे. अंतिम रूप असे :

“मालक रोजच यायचे, पण त्या दिवशी आले आणि म्हणाले, आता हे सगळं वजनावर जायचंय. वजनावर. मी म्हटलं, बरं. काय म्हणणार? खिळे काय माझे होते का? माझे... माझे नव्हतेच ते. पण हाताला माहीत होते ना. माणसं पोती घेऊन आली, भरायला लागली. मी म्हटलं, थांबा, निदान केस रिकामी करताना मला करू द्या.”

गेले ते ‘म्हणजे’, ‘तर’ यांसारखे लहान शब्द, वाक्य शोधताना झालेल्या द्विरुक्ती आणि ‘भरायला लागली तसं’. राहिले ते सगळे अर्थासाठी राहिले. पुढच्या उताऱ्यांना हेच माप लावायचे : अडखळणे शब्द शोधण्यासाठी असेल तर गाळायचे, शब्द टाळण्यासाठी असेल तर ठेवायचे. कोणते कशासाठी आहे हे कागदावरून कधीच ठरत नाही, त्यासाठी दर वेळी आवाज ऐकावा लागतो.

24 फेब्रुवारी

माझे प्रश्न काढून टाकण्याचा मुद्दा अधिक अवघड निघाला. प्रथमपुरुषी आत्मकथनात प्रश्न नसतात, अशी वाचकाची अपेक्षा असते. परंतु “मालकांचा राग आला का?” या प्रश्नावर नाना म्हणाले, “नाही, राग नाही. राग कुणावर करायचा?” प्रश्न काढला की हा माणूस कुणी न विचारता, आपण होऊन, राग नसल्याची ग्वाही देतो आहे असे दिसते, आणि सूक्ष्म वाचकाला त्यात नेमका रागच ऐकू येईल. तो अर्थ त्या उत्तरात नव्हता, माझ्या कात्रीने तयार केला असता. अशा जागी प्रश्न तिरप्या अक्षरांत मजकुरातच ठेवायचे ठरवले. पुस्तक त्यामुळे थोडे विस्कळीत दिसेल. ते मान्य आहे. बोलणारा एकटा बोलत नव्हता हे वाचकाला अधूनमधून दिसलेले बरेच.

1 मार्च

क्रम लावला. नानांच्या बोलण्यात छापखाना आणि घर एकमेकांत शिरतात. कालक्रम लावताना ते वेगळे काढावे लागतात, आणि काढले की कथा सरळ होते पण पातळ होते. शेवटी प्रकरणे कालक्रमाने ठेवली, प्रत्येक प्रकरणाच्या आतला प्रवाह मात्र ज्या सत्रात तो सर्वांत मोकळा होता त्या सत्राप्रमाणे.

उस्तादांच्या मृत्यूची हकीकत त्यांनी एकाहून अधिक वेळा सांगितली, दर वेळी थोड्या वेगळ्या तपशिलांसह. सगळ्यांतले उत्तम तपशील एकत्र करून एक भरीव हकीकत रचण्याचा मोह मोठा आहे. तसे केले तर ती हकीकत कुणीच कधी सांगितलेली नसेल. एकच कथन निवडले, दुसऱ्यातला एक महत्त्वाचा तपशील ‘पुढे एकदा नानांनी असेही सांगितले’ अशा टीपेत घेतला.

9 मार्च

पहिला संपूर्ण खर्डा मोठ्या अक्षरांत छापून नानांना दिला होता, तो आज परत आला. संपूर्ण मजकूर मुद्रितशोधनाच्या खुणांनी भरलेला आहे : गाळायची खूण, जागा सोडायची खूण, शब्दांची अदलाबदल, समासात स्वच्छ उभी रेघ. आणि प्रत्येक ‘केलं’वर मात्रा चढवून ‘केले’, प्रत्येक ‘होतं’चे ‘होते’.

मी म्हटले, नाना, तुम्ही असं बोलत नाही. ते म्हणाले, “बोलणं वेगळं आणि छापणं वेगळं, ताई. जन्मभर लोकांच्या चुका काढल्या. माझ्या नावावर छापलं जाईल त्यात अशुद्ध राहू देऊ?” या प्रश्नाचे माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते, आणि असायला नको होते. त्यांच्या दृष्टीने शुद्ध पान ही त्यांच्या आयुष्याची कमाई आहे, आणि त्या कमाईची कथा सांगणारे पान अशुद्ध असणे त्यांना विसंगत वाटते. मला त्यांचा आवाज हवा होता. पण छापलेल्या पानावरचा त्यांचा आवाज कसा असावा हे ठरवण्याचा पहिला हक्क त्यांचाच.

मग दोन्ही रूपे त्यांना मोठ्याने वाचून दाखवली, भंगाराचा उतारा आधी त्यांच्या दुरुस्त्यांसह आणि मग बोलल्याप्रमाणे. दुसऱ्या वाचनानंतर ते बराच वेळ पाने चाळत राहिले आणि म्हणाले, “माणसं बोलतात तिथे बोलल्यासारखं ठेवा. मी सांगतो तिथे शुद्ध.” म्हणजे संवाद बोलीत आणि निवेदन लेखी मराठीत. भंगाराचा उतारा कोणत्या बाजूला जातो असे विचारले, तेव्हा म्हणाले, “तो जसा आहे तसा.” त्यांच्या ‘केले, झाले’मुळे निवेदनाचा सूर माझ्या मनातल्यापेक्षा ताठ झाला आहे, आणि मला त्याची हळहळ वाटते. परंतु खर्ड्याच्या पहिल्या पानावर आता एक निवेदन आहे, नानांनी स्वतः सांगितलेले : लेखी रूपे त्यांनी स्वतः केली आहेत, मूळ बोलणे ध्वनिमुद्रणात आहे. नियम मोडलेला नाही. प्रत्येक वाक्यावरून अजूनही आवाजापर्यंत जाता येते.

18 मार्च

भावाविषयीचा भाग नानांनी मागे घेतला. त्यात पैशाच्या व्यवहाराचा आरोप आहे, भाऊ हयात आहेत आणि त्यांची बाजू आमच्याकडे नाही. मलाही तो भाग छापणे उचित वाटत नव्हते, तरी मागे घेण्याचा शब्द त्यांच्याकडून आला हे बरे झाले. ध्वनिमुद्रणाचा तेवढा तुकडा वेगळ्या फाइलमध्ये काढून बंद ठेवला आहे, तो कधी आणि कुणी उघडावा याचे सहीनिशी पत्र सोबत आहे, आणि माझ्या पहिल्या दिवशीच्या वाक्याची मर्यादा त्यांना पुन्हा समजावून सांगितली आहे.

त्या भागाच्या जागी प्रकरणात खळगा पडतो. वडिलोपार्जित घर सोडून ते भाड्याच्या खोलीत का गेले, हे आता कळत नाही. ‘कामाच्या जागेजवळ राहण्यासाठी’ असे एक निरुपद्रवी वाक्य घातले की वाचकाला काही खटकणार नाही, पण ते असत्य असेल, आणि त्यांच्या नावावर असेल. खळगा तसाच ठेवला. नानांनी एकच वाक्य दिले, तेही ध्वनिमुद्रित करून घेतले : “त्या वर्षी घर सोडलं, का, ते मी इथे सांगत नाही.”

29 मार्च

जतनाची कामे. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, सत्र आणि क्रमांक. प्रत्येकीची पडताळणी-संख्या काढून वेगळ्या यादीत, म्हणजे पुढे फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी कळेल. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. बंद तुकडा फक्त मूळ संचात, कुटुंबाच्या प्रतीत नाही. शब्दांकन साध्या युनिकोड मजकुराच्या स्वरूपात, कारण एखाद्या विशिष्ट संगणकप्रणालीवर अवलंबून असलेली फाइल तिच्याइतकीच टिकते. संमतिपत्र, मागे घेतल्याचे पत्र, टीपा आणि संपादनात काय गाळले, काय हलवले याचे टिपण त्याच संचात.

उरलेले काम : फोटोंच्या ओळी, छापखान्यातल्या शब्दांची सूची, आणि एक जोड-सत्र. केसमध्ये कोणते अक्षर कोणत्या घरात असायचे याचा नकाशा मला बोलण्यावरून नीट लावता आला नाही. नानांनी कागद आणि पट्टी घेऊन तो स्वतः आखून देतो म्हटले आहे. आखताना ते बोलतील, म्हणून रेकॉर्डर तेव्हाही चालू ठेवायचा, आणि कॅमेरा त्यांच्या हातांवर.